दुसरा माईक बंद करून बघा

पोडियमवर दोन माईक लावायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. एकच लावला तर कार्यक्रम किरकोळ वाटेल अशी भीती असावी! वक्ता बरोबर मधोमध उभा असेपर्यंत काही बिघडत नाही. तो बाजूला झुकला की मात्र आवाज पोकळ होतो, आणि मान हलेल तसा बदलत राहतो. हे कॉम्ब फिल्टरिंग.

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक माईक तोंडापासून १७ सेंटीमीटर जास्त लांब असेल, तर त्याच्याकडे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १००० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन एका मिलिसेकंदाचं, म्हणजे ही उशिरा आलेली लाट नेमकी अर्धं आवर्तन मागे. एका माईकची लाट चढणीला, तेव्हा दुसऱ्याची उतरणीला. मिक्सरमध्ये दोघींची बेरीज झाली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. ३०००, ५००० हर्ट्झलाही तेच. उलट २००० आणि ४००० ला लाटा जुळून आवाज ६ डेसिबलपर्यंत फुगतो. कोणत्या हर्ट्झला आवाज किती, याचा आलेख खड्डे-उंचवट्यांमुळे कंगव्यासारखा (इंग्रजीत कॉम्ब) दिसतो, म्हणून हे नाव. पंचाईत अशी की शब्द कळतात ते मुख्यतः याच पट्ट्यातल्या व्यंजनांमुळे.

मग इक्वलायझरशी, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांशी, झटापट सुरू होते. ती व्यर्थ आहे: जे पुसलंच गेलं ते वाढवणार कसं? शिवाय खड्डे वक्त्याच्या मानेबरोबर सरकत असतात. फेज उलटवायचं, म्हणजे एका माईकची लाट उलटी करायचं बटण दाबलं तर खड्डे आणि उंचवटे जागा बदलतात, आणि खर्ज नाहीसा होतो तो वेगळाच.

खात्री करायची असेल तर एका माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढा. आवाज भरीव झाला, तर दोष तोच होता; तो माईक तसाच बंद ठेवा.

गायक-वादकांसाठी अनेक माईक लागतातच. तिथे तिप्पट अंतराचा नियम चालतो: गायिकेपासून माईक ३० सेंटीमीटरवर, तर शेजारचा त्या माईकपासून किमान ९० वर. तिचा आवाज तिकडे साडेनऊ डेसिबल क्षीण पोहोचतो आणि खड्डे साडेतीन डेसिबलवरच थांबतात.

माईक एकच असला तरी गुळगुळीत टेबलावरून परतलेला आवाज दुसऱ्या माईकचंच काम करतो. पातळ चादर अंथरून फारसा फरक पडत नाही. माईक तोंडाजवळ आणावा, नाहीतर सरळ टेबलालगत आडवा ठेवायचा चपटा बाउंड्री माईक घ्यावा. पृष्ठभागाला चिकटून बसल्यामुळे थेट आणि परतलेला आवाज त्याच्याकडे जवळपास एकदमच येतात.