न्यूरोब्लास्टोमा: गाठीची पक्वता आणि मुलाचे वय

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत किंवा पाठीच्या कण्यालगतच्या चेतासाखळीत उद्भवतो. गर्भात ज्या पेशींच्या पुढे चेतापेशी व्हायच्या असतात, त्यांची वाढ अर्ध्यावर अडते आणि त्या नुसत्याच विभागत राहतात. त्यामुळे कर्करोग आहे की नाही एवढे सांगून पॅथॉलॉजिस्टचे काम संपत नाही. पेशी किती पक्व झाल्या आहेत, हेही त्याला ठरवावे लागते.

बायॉप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. अपक्व पेशी लहान, गोल आणि गडद निळी दिसते. तिच्यात केंद्रकाभोवती पेशीद्रव जेमतेम असते. पक्व होऊ लागलेल्या पेशीचे केंद्रक फुगीर होऊन कडेला सरकते, त्यातली केंद्रिका ठळक दिसते, पेशीद्रव वाढते आणि पेशीचा व्यास केंद्रकाच्या निदान दुप्पट होतो. केंद्रक आणि पेशीद्रव या दोहोंत बदल दिसला, तरच ती पेशी मोजणीत धरतात. अशा पेशी 5 टक्के किंवा अधिक असतील, तर गाठ पक्व होऊ लागली आहे असे मानतात. याशिवाय दर 5000 पेशींमागे विभाजन पावणाऱ्या आणि केंद्रक फुटून मरणाऱ्या पेशी किती, हेही मोजतात. ही संख्या 200 च्या वर गेली की लक्षण चांगले नसते.

मात्र या निष्कर्षाचा अर्थ मुलाच्या वयाखेरीज लागत नाही, आणि मला या पद्धतीचे खरे मर्म यातच दिसते. पॅथॉलॉजिस्ट हिरोयुकी शिमादा यांनी 1984 मध्ये मांडलेल्या आणि 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय स्वरूप मिळालेल्या वर्गीकरणानुसार, पक्वतेची नुकतीच चाहूल लागलेली, पण पक्व होऊ लागलेल्या पेशी 5 टक्क्यांहून कमी असलेली गाठ दीड वर्षाच्या आतील बाळात, वरील संख्या 200 च्या पुढे नसल्यास, अनुकूल ठरते, कारण त्या वयात पेशींना पक्व व्हायला अजून अवधी असतो. तीच गाठ तीन वर्षांच्या मुलात प्रतिकूल ठरते. अर्थात उपचार ठरवताना रोगाचा प्रसार आणि पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एमवायसीएन जनुकाच्या वाढलेल्या प्रती यांचाही विचार होतो.

केमोथेरपीनंतर काढलेल्या गाठीत पेशी पक्व दिसल्या, तरी तो औषधांचा परिणाम असू शकतो. म्हणून हे वर्गीकरण उपचारापूर्वीच्या नमुन्यावरच करतात. पहिली बायॉप्सी पुरेशी मोठी असावी असा पॅथॉलॉजिस्टचा आग्रह असतो तो याचसाठी, कारण सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात गाठीचा एखादाच भाग येतो आणि शेजारची अपक्व पेशींची गाठोळी नजरेतून निसटू शकते.