बाजरीतील जनुकीय विविधता

बाजरीची गावरान बियाणी, सुधारित व संकरित वाण आणि तिचे रानटी नातलग यांच्यात उत्पादन, रोगप्रतिकार, अवर्षण सोसण्याची ताकद व दाण्याची पोषकता यांबाबत आढळणारा आनुवंशिक फरक. भाकरीच्या या धान्यातील गेल्या साठ वर्षांच्या सुधारणा याच फरकावर उभ्या आहेत.

बाजरी मूळची आफ्रिकेतील, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्याची. तिथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली आणि पुढे भारतात पोचली. विविधतेचे मोठे कारण तिच्या फुलोऱ्यात आहे. कणसावर आधी पांढुरक्या, केसाळ कुक्षी (पराग झेलणारे मादी भाग) बाहेर पडतात. त्याच कणसाचे परागकोश त्यानंतर काही दिवसांनी डोकावतात. तोवर शेजारच्या ताटांचे पराग वाऱ्याने येऊन पोचलेले असतात. त्यामुळे गावरान बाजरीच्या शेतात दोन ताटे हुबेहूब सारखी सहसा सापडत नाहीत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत बाजरीचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केले आहेत. त्यांत बोटभर कणसाची बाजरी आहे, तशीच मीटरभर कणसाचीही.

उत्पादनाची उडी संकरित वाणांमुळे आली. अमेरिकेत जॉर्जियातील टिफ्टन येथे पैदासकार ग्लेन बर्टन यांनी तयार केलेल्या ‘टिफ्ट २३ ए’ या नर-वंध्य (स्वतःचे सक्षम पराग नसलेल्या) मादी वाणावरून लुधियानात १९६५ मध्ये ‘एचबी १’ हा पहिला संकर निघाला. पाठोपाठ आलेल्या ‘एचबी ३’सारख्या संकरांची मादीही तीच होती. सगळे पीक एकाच मादीवर टेकल्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी (केवडा) रोगाने हे वाण झोडपले. या रोगात पानांच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी येते आणि कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके फुटतात. गोसाव्याच्या जटांसारखे दिसणारे ते कणीस शेतकरी लांबूनही ओळखतो. त्यानंतर पैदासकारांनी निरनिराळे मादी वाण वापरात आणले. हरियाणाचा ‘एचएचबी ६७’ हा लवकर तयार होणारा संकरही पुढे या रोगाला बळी पडू लागला, तेव्हा प्रतिकारक जनुके जनुकीय खुणांच्या (डीएनएमधील ओळखचिन्हांच्या) साहाय्याने त्याच्या जनक वाणांत उतरवून २००५ मध्ये सुधारित रूप प्रसारित झाले.

पोषकतेचे गणित वेगळे आहे. उत्पादनात एकमेकांहून भिन्न जनकांचा संकर दोघांवर मात करतो. दाण्यातील लोह मात्र साधारण दोन्ही जनकांच्या सरासरीवर येते; म्हणजे लोहसमृद्ध संकर हवा असेल तर नर आणि मादी दोन्ही लोहसमृद्ध लागतात. सुदैव इतकेच, की लोह आणि जस्त बहुधा एकत्र वाढतात, त्यामुळे एकासाठी निवड केली की दुसरेही पदरात पडते.

या कामातले मोलाचे बियाणे टोगो, घाना, बेनिन भागातील ‘इनियाडी’ या गावरान प्रकारातून आले. टोगोतील अशा बाजरीतून निवडलेला ‘आयसीटीपी ८२०३’ हा टपोऱ्या, राखाडी दाण्याचा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेशात प्रसारित झाला. त्यातूनच लोहासाठी पुन्हा निवड करून ‘धनशक्ती’ घडली. ती २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणि २०१४ मध्ये देशभरासाठी आली. तिच्या दाण्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. धनशक्ती संकरित नसल्याने शेतकऱ्याला बी घरी राखता येते, ही तिची दुर्लक्षिली जाणारी बाजू. ‘एएचबी १२०० एफई’ हा लोहसमृद्ध संकर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. २०१८ पासून देशात नव्या वाणाला किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्ताची अट आहे.

दाण्यात लोह असले म्हणजे ते अंगी लागतेच असे नाही. बाजरीतील फायटेट व पॉलिफेनॉल ही नैसर्गिक द्रव्ये लोहाच्या शोषणात आडवी येतात. म्हणून अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने लोहसमृद्ध किंवा साध्या बाजरीची भाकरी व शेव देऊन तपासणी झाली. लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाची पातळी अधिक सुधारली.

अडचण अशी, की जास्त लोहाचे बहुतेक स्रोत इनियाडीच्याच गोतावळ्यातले आहेत. टिफ्ट २३ एचा अनुभव पाठीशी असताना पोषकतेसाठी पुन्हा एकाच घराण्यावर भिस्त ठेवणे जोखमीचे ठरेल. २०१७ मध्ये बाजरीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून दूरच्या नमुन्यांतली उपयुक्त जनुके हुडकणे सोपे झाले आहे. पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होणे ही बाजरीची जुनी खोड. तिला जबाबदार लायपेज विकरांची (पिठातील स्निग्धांश फोडणाऱ्या प्रथिनांची) जनुके काही नमुन्यांत निसर्गतःच निकामी असल्याचे आढळले असून, टिकाऊ पिठाच्या वाणांसाठी त्यांचा वापर करता येण्याजोगा आहे.