गर्दीतला कॉल आधी का लागतो?

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर फोनला पूर्ण रेंज दिसत असूनही मिरवणुकीचा व्हिडिओ जाता जात नाही, पण त्याच फोनवरून घरी लावलेला कॉल एकदा जोडला गेला की बहुधा स्पष्ट ऐकू येतो, कारण गर्दीत कोणाला आधी वाट द्यायची हे नेटवर्कमध्ये आधीच ठरलेले असते.

फोर-जी टॉवरची यंत्रणा दर मिलिसेकंदाला आपल्या वाट्याच्या लहरींचे तुकडे फोनांमध्ये वाटते. 20 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात असे तुकडे 100 असतात. प्रत्येक डेटाचा वर्ग ठरलेला असतो. संभाषणाच्या पॅकेटना, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांना, 100 मिलिसेकंदांची मुदत असते, मात्र शंभरातले एखादे हरवले तरी चालते. वेबपानांना आणि फाइलींना 300 मिलिसेकंदांपर्यंत थांबवता येते, पण त्यांच्यातले दहा लाखांत एखादेच हरवलेले चालते. कॉल जोडणाऱ्या संदेशांचा क्रम तर आवाजाच्याही वर आहे. आवाजाला सेकंदाला जेमतेम 12 ते 13 किलोबिट लागत असल्याने त्याला पुढे जाऊ दिल्याने इतरांचे फारसे नुकसान होत नाही, म्हणून मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. इंटरनेट ॲपवरून केलेला कॉल मात्र सहसा साध्या डेटाच्या रांगेत जातो आणि गर्दीत तुटतो.

एकाच वर्गातल्या फोनांमध्ये निवड करणे अधिक अवघड असते. टॉवरजवळच्या फोनला थोड्या तुकड्यांत भरपूर डेटा देता येतो, तर चाळीच्या आतल्या खोलीतल्या फोनला तेवढ्याच डेटासाठी कितीतरी जास्त तुकडे लागतात. फक्त चांगल्या सिग्नलकडे पाहिले तर एकूण वेग वाढेल, पण खोलीतला माणूस उपाशी राहील. त्यामुळे या क्षणी फोनला किती वेग देता येईल याची तुलना त्याला अलीकडे मिळालेल्या सरासरी वेगाशी केली जाते, आणि ज्याचे हे गुणोत्तर जास्त त्याला आधी तुकडे मिळतात.

हे सारे फोन जोडला गेल्यावरचे. सगळे एकदम धडकले, तर टॉवर साध्या फोनांना काही काळ प्रयत्नच करू देत नाही; आपत्कालीन सेवांच्या सिमकार्डांना आणि 112 च्या कॉलना वेगळे नियम लागू होतात.

प्राधान्याचा निकष थांबण्याची क्षमता हाच असावा, कोणत्या कंपनीने किती पैसे मोजले हा नव्हे. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्वीकारलेली नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याची चौकट मजकूर पाहून भेदभाव करण्यास मनाई करते, मात्र विशेष सेवांना, म्हणजे ज्यांना ठरावीक दर्जाची हमी लागते अशा सेवांना, त्यातून वगळते. फाइव्ह-जीमध्ये एकाच नेटवर्कचे स्वतंत्र कप्पे पाडता येत असल्याने विशेष सेवा म्हणजे नेमके काय, हे काटेकोरपणे ठरवावे लागेल.