तिन्हीसांजेची तीन मिनिटं

वेंगुर्ल्याच्या एका मित्राचा गेल्या महिन्यात फोन आला. बरा आहेस का, पाऊस किती झाला, असलं काही नाही. थेट विषय. "रे, माका एकच सांग. दोन-आठ घेव काय नको?"

दोन-आठ म्हणजे एफ २.८ ची ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स. त्याच्याकडे तेवढ्याच लांबीची एफ ४ ची आहे आणि ती उत्तम आहे. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या घरात, म्हणजे त्याच्या हापूसच्या कलमांची बरीचशी कमाई त्यात जाणार. कारण विचारलं तर म्हणाला, "दशावताराचे फोटो काढतंय, तर आयएसओ वाढवलो काय फोटोत दाणे इलेच."

(दशावतार म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो उजळ करणारा आकडा, आणि दाणे म्हणजे फोटोत दिसणारी खरबरीत कणकण.) हे आयएसओ आणि दाण्यांचं वाक्य मी आजवर निदान पन्नास जणांकडून ऐकलंय. ते अर्धवट खरं आहे. हा लेख त्या खोट्या अर्ध्या भागाबद्दल.

आधी एफ म्हणजे काय ते पटकन सांगून टाकतो. लेन्सची नाभीय लांबी (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते ती) भागिले प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. २०० मिलिमीटरला एफ २.८ म्हणजे ७१ मिलिमीटरचं दार, चांगल्या पोसलेल्या हापूसच्या रुंदीएवढं. एफ ४ म्हणजे ५० मिलिमीटर, रायवळ आंब्याएवढं. व्यासात फरक १.४ पट, क्षेत्रफळात दुप्पट. हे दुप्पट म्हणजेच फोटोग्राफरांचा एक 'स्टॉप'. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्समध्ये पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ मिळतो, तिथे प्रकाश एफ ४ च्याही निम्मा. दोन लाखांत माझा मित्र एक स्टॉप विकत घेणार होता. बाकी काचेची गुणवत्ता, फोकसचा वेग, बांधणी यांत फरक असतो, पण दोन्ही लेन्स चांगल्या कंपनीच्या असल्या तर त्या फरकासाठी कोणी कलमं गहाण टाकू नयेत.

आता दाण्यांकडे येऊ. आयएसओ वाढवल्याने दाणे येतात ही समजूत म्हणजे कर्ण्याला दोष देण्यासारखं आहे. कीर्तनकारबुवांचा आवाज बसलेला असेल आणि कर्णा मोठा केला, तर बसलेला आवाज गावभर ऐकू येतो. आवाज कर्ण्याने बसवलेला नसतो. आयएसओ हा तो कर्णा. सेन्सरवर जो काही प्रकाश पडला त्याचं तो फक्त मोठं करून दाखवतो. खरं तर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) आणि छिद्र (मघाचं दार) तेच ठेवून आयएसओ वाढवला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत दाणे किंचित कमीच होतात, कारण मागच्या इलेक्ट्रॉनिक्सची कुरकुर तुलनेने दबते. मग दाणे येतात कुठून?

प्रकाशातूनच येतात. आणि हे मला इतकं आवडतं की इथे जरा रेंगाळणार आहे.

मिरगाचा पहिला पाऊस आठवा. चिऱ्याच्या लाद्या घातलेलं अंगण उन्हाने रापलेलं, कोरडं ठणठणीत. पहिले टपोरे थेंब पडतात आणि प्रत्येक थेंबाचा काळा ठिपका उमटतो. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात लाद्यांवरचे ठिपके मोजा. पाऊस सगळ्या अंगणावर सारखाच पडतोय, ढगाने कुठल्या लादीवर डूख धरलेला नाही. तरी एका लादीवर ६ ठिपके, शेजारच्या लादीवर १३, पलीकडे ९. सरासरी ९ म्हणू. लाद्यालाद्यांमधला हा चढउतार साधारण किती असतो? सरासरीच्या वर्गमुळाएवढा. ९ चं वर्गमूळ ३. म्हणजे बहुतेक लाद्यांवर ६ ते १२ च्या दरम्यान ठिपके सापडतील आणि अधूनमधून एखादी ३ किंवा १६ वालीही भेटेल.

पाऊस वाढला आणि सरासरी १०० थेंब झाली, तर चढउतार १० चा. आकडा म्हणून तो वाढलाच, पण १०० पुढे १० म्हणजे दहा टक्के. मघाशी ९ पुढे ३ म्हणजे तेहतीस टक्के होते. म्हणून जोराच्या सरीत अंगण एकसारखं भिजलेलं दिसतं आणि बुरंगाटात ठिपक्याठिपक्यांचं. सिमेओं प्वासों या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये ज्या वितरणावर लिहिलं ते हेच. त्याच्यासमोर पाऊस नव्हता, न्यायालयांच्या निवाड्यांची संभाव्यता होती. पण एकमेकांशी सल्लामसलत न करता येणारी कुठलीही गोष्ट मोजायला घेतली की हेच गणित समोर येतं.

प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो. थेंबाचं नाव फोटॉन, लादीचं नाव पिक्सेल. दशावताराच्या मांडवात संकासुराच्या काळ्या झग्यावर सगळीकडे सारखाच उजेड आहे, पण त्या झग्याच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक पिक्सेलवर फोटॉन सारखे पडत नाहीत. कुठे ६, कुठे १३. कर्णा मोठा केला की हाच फरक ठसठशीत दिसतो. हेच ते दाणे. कॅमेरा बिघडलेला नाही, आयएसओने काही पाप केलेलं नाही. निसर्गानेच प्रकाश सुट्या नाण्यांत दिलाय.

थोडे आकडे घालतो. ज्यांना नको असतील त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, राग नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा एक पिक्सेल सहा मायक्रॉनचा. त्यात काठोकाठ साधारण पन्नास-साठ हजार इलेक्ट्रॉन (पडलेल्या फोटॉनांनी सुटे केलेले) मावतात, आयएसओ १०० ला. आयएसओ ६४०० वर आपण चौसष्टपट कमी प्रकाशात काम करतो, म्हणजे अगदी पांढऱ्या भागातही हजाराच्या आत. मध्यम उजेडाच्या भागात, म्हणजे कलाकाराच्या रंगवलेल्या गालावर, शंभर-दीडशे. तिथे चढउतार दहा-बारा, डोळ्याला चालून जातो. त्याहून तीन स्टॉप काळोख्या झग्यात पंधराएक, चढउतार जवळजवळ चार, आणि त्यात वाचनाच्या वेळची इलेक्ट्रॉनिक्सची दोन-तीन इलेक्ट्रॉनांची भर. ही भर वर्गांच्या बेरजेने मिसळते. म्हणजे ४ आणि ३ मिळून ७ होत नाहीत, ५ होतात, पायथागोरसच्या त्रिकोणासारखे. म्हणून दाणे नेहमी काळोखात जास्त दिसतात.

आता हिशेब करा. दोन-आठ लेन्स तेवढ्याच वेळात दुप्पट फोटॉन आत घेते. झग्यातले १५ चे ३० झाले. चढउतार ४ वरून साडेपाचवर. प्रकाश आणि दाणे यांचं गुणोत्तर सुधारलं किती? १.४ पट. दुप्पट नव्हे. दुप्पट हवं असेल तर चौपट प्रकाश हवा, म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे एफ २ ची झूम लेन्स, जी घेतली तर तिच्याबरोबर उचलायला गडीही घ्यावा लागेल. लेन्सचे समीक्षक 'रात्रीचा दिवस' म्हणतात तेव्हा मला हे वर्गमूळ आठवतं.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे नको?" तसंही नाही. त्याला दशावताराइतकाच तिन्हीसांजेचा नाद आहे. होड्या परतताना, समुद्री गरुड रात्रीच्या झाडाकडे निघताना तो बंदरावर असतो. आणि एक स्टॉपची खरी किंमत मला तिथे सापडली.

आकाश स्वच्छ असेल तर सूर्य बुडत्या क्षणी जमिनीवर साधारण ४०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेला की नागरी संधिप्रकाश संपतो आणि तेव्हा उरतो साडेतीन लक्सच्या आसपास. ४०० निम्मे करत चला: २००, १००, ५०, २५, १२, ६, ३. सात वेळा निम्मे, सात स्टॉप. हे सात स्टॉप किती वेळात सरतात, ते तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात त्यावर ठरतं. वेंगुर्ल्याचे अक्षांश सोळाच्या आसपास. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास सूर्य तिथे क्षितिजाशी ७४ अंशांचा कोन करून, जवळजवळ नाकासमोर, समुद्रात उतरतो. तासाला पंधरा अंशांचा वेग सगळा खाली जाण्यातच खर्च होतो. म्हणून आपली संध्याकाळ एकवीस-बावीस मिनिटांत आटपते. लंडनला सूर्य तिरका घसरत जातो, तेवढ्याच उतरणीला तेहतीसएक मिनिटं लागतात.

म्हणजे कोकणात दर तीन मिनिटांनी एक स्टॉप उजेड जातो. (अगदी समान गतीने नव्हे. सुरुवातीला सावकाश, शेवटी धाडकन. पण सरासरी ही.) तिकडचा समीक्षक त्याच्या लांबलचक संध्याकाळी एफ २.८ बद्दल हळवा होतो, तेव्हा त्याला त्या स्टॉपची जवळजवळ पाच मिनिटं मिळत असतात. आपल्याला तीन. दोन लाखांत तीन मिनिटं.

पण तीन मिनिटं थोडी असतात असं नाही. गरुड घरट्याकडे वळतो ते कदाचित नेमकं त्या तीन मिनिटांतच. मंडणगडच्या वेळास किनाऱ्यावर २००६ पासून कासव महोत्सव होतो, तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात. तिथे फ्लॅश वर्ज्य आहे आणि तो नियम योग्य आहे, कारण ही पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने जातात आणि खोट्या उजेडाने भरकटतात. तिथे आहे त्याच प्रकाशात भागवायचं असतं. मात्र तीन मीटरवरून २०० मिलिमीटरला एफ २.८ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोल असतो. पिल्लाचं कवच चार सेंटिमीटरचं. नाक स्पष्ट आलं तर पार्श्वभाग धूसर, हे ठरलेलं. एफ ४ ला तोच पट्टा पाच सेंटिमीटरचा, आणि अख्खं पिल्लू आत बसतं. जास्त प्रकाश आणि जास्त खोली एकाच दारातून येत नाहीत, आणि ही अडचण कुठलीही कंपनी सोडवू शकणार नाही.

दशावतारात आणखी एक गंमत आहे, ती जाहिरातीत कधी नसते. युद्धाच्या प्रसंगात तलवार गोठवायची तर शटर निदान एक-अडीचशेचं, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाचं हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंदावतात. शटर एक-शंभरापेक्षा वेगवान झालं की एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, तिसऱ्यात आडवा काळा पट्टा. एफ ४ वाला बिचारा नाइलाजाने एक-शंभरवर थांबतो आणि वाचतो. दोन-आठवाला वेग वाढवतो आणि पट्टे घरी आणतो. लेन्सच्या आत बसवलेली हात स्थिर ठेवणारी यंत्रणा इथे कामाची नाही. ती तुमचा हात सांभाळते, भीमाची गदा नव्हे.

फोनचं काय, असं कोणीतरी विचारणारच. फोनवर एफ १.८ लिहिलेलं असतं, मग तो दोन-आठाहून भारी नाही का? भिंगाची खरी लांबी सहा-सात मिलिमीटर, भागिले १.८ केलं की दार मुगाच्या दाण्याएवढं. एफचा आकडा सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडतो ते सांगतो, एकूण किती गोळा झाला ते नाही. बऱ्यापैकी फोनचा सेन्सर पाऊणशे चौरस मिलिमीटरचा, फुल-फ्रेम ८६४ चा. खळं मोठं असेल तर तेवढ्याच सरीत थेंब जास्त पडणार. फोन मग चलाखी करतो, दहा-बारा फोटो पटापट काढून एकावर एक रचतो. देवळाच्या दीपमाळेला ते छान जमतं. नाचणाऱ्या गणपतीला दोन सोंडा फुटतात.

आणि फोनच्या रात्रीच्या फोटोंवरून आठवलं. पावसाळ्यात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पांढरे पारदर्शक गोळे येतात आणि मग ते 'वाड्यातले आत्मे' म्हणून गटागटांवर फिरतात. कोकणातल्या भुतांची आधीच बदनामी पुष्कळ आहे, त्यात ही भर नको. भिंगाच्या अगदी जवळून तरंगणारा पाण्याचा कण किंवा धूळ शेजारच्या फ्लॅशने उजळते आणि फोकसबाहेर असल्याने गोल थाळीसारखी पसरते. फ्लॅश बंद करा, आत्मे निघून जातात. नारळ लागत नाही.

मित्राला शेवटी एवढंच सांगितलं की आधी जुने फोटो उघड. प्रत्येक फोटोत छिद्र, शटर, आयएसओ नोंदलेलं असतं. एफ ४ वर अडकून पडलेले किती ते मोज. त्याने मोजले. बंदरावरचे बहुतेक फोटो त्याने एफ ८ वर काढले होते, सवयीने, आणि दाण्यांबद्दल तक्रारही त्याच फोटोंची होती. दोन स्टॉप त्याच्या खिशातच पडून होते. शिवाय पुढच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याची साय धरलेली. ती पुसायला दोन लाख लागत नाहीत.

दशावताराचे फोटो मात्र खरोखरच अडकलेले होते. म्हणून त्याने कोल्हापुरातून दोन रात्रींसाठी दोन-आठ भाड्याने आणली आणि जत्रेला गेला. कॅननच्या ईएफ मालिकेत ही लेन्स सुमारे दीड किलोची आहे, एफ ४ वाली पाऊण किलोची. दार मोठं की चौकट मोठी, काच जाड. हे मी त्याला सांगायला विसरलो होतो.

पहाटे तीनला फोन. मागे पखवाज आणि झांजा. "फोटो बरे येतत रे," तो ओरडून सांगत होता, "पण हात मोडले माजे. ह्येका ठेवूक काठी मिळता काय खंय?"