व्हिका : झाड तोडलं म्हणून जगाला कळलेला उंदीर

घूस आपल्याकडं कुणी पाहिली नाही असं क्वचितच, पण ती राहते जमिनीत बिळं करून. तेवढाच दांडगा, पण झाडावर राहणारा उंदीर पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर आहे. त्याचं नाव व्हिका. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४६ सेंटीमीटर आणि वजन अर्धा ते एक किलो.

वांगुनू बेटावरच्या झायरा गावच्या लोकांना हा पहिल्यापासून माहिती होता. टायरोन लॅव्हरी नावाचा संशोधक २०१० मध्ये तिथं गेला तेव्हा गावकऱ्यांनीच सांगितलं, की असा मोठा उंदीर आहे, झाडावर राहतो, न्गाली नावाच्या झाडाची टणक फळं फोडून खातो, नारळ पण पोखरतो. मग काय, माणूस वर्षानुवर्षं मागं लागला, जंगलात कॅमेरे लावले, रात्री बॅटऱ्या मारून झाडं धुंडाळली, तरी दर्शन नाही. न्गालीची कवचं तेवढी सापडायची, दातानं कुरतडून गोल भोक पाडलेली.

शेवटी नोव्हेंबर २०१५ मध्ये लाकूड कंपनीनं एक मोठं झाड पाडलं, त्यातून एक व्हिका खाली आला आणि लागल्यामुळं मेला. कवटी आणि डीएनए तपासल्यावर नक्की झालं की ही जात अजून विज्ञानात नोंदलेलीच नाही. २०१७ मध्ये संशोधनाचा पेपर आला, शास्त्रीय नाव युरोमिस व्हिका, म्हणजे गावकरी म्हणतात तेच नाव ठेवलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लॅव्हरीच्या सोबतीनं लेखक म्हणून झायराच्या हिकुना जज यांचं नाव आहे.

अंगानं हा पक्का झाडावरचा गडी. पंजे रुंद, नख्या वाकड्या, शेपटीवर केस जवळपास नाहीतच, नुसते बारीक खवले. याचे ऑस्ट्रेलियातले जातभाई झाडाच्या ढोलीत राहतात, आणि ढोली काय नव्या रोपाला पडत नाही, त्याला झाड कितीतरी वर्षं जुनं व्हावं लागतं. हे आपल्या मराठवाड्यात वेगळं सांगायची गरज नाही, लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, बांधावरची जुनी चिंच नाहीतर रोडच्या कडेचा वड, पिंगळ्याला आणि पोपटाला ढोली मिळणार ती तिथंच, आणि रोड रुंद करताना पहिली कुऱ्हाड पण त्यांच्यावरच पडते, नंतर लावलेल्या रोपात पिंगळा राहायला यायला आपली नातवंडं म्हातारी होतील.

व्हिकासाठी आता उरलेलं जंगल साधारण ८० चौरस किलोमीटर, आपल्या हिशोबात २० हजार एकर. जिवंत व्हिकाचे फोटो जगासमोर आले ते २०२३ मध्ये. झायराच्या लोकांना जागा माहिती होत्या, तिथं कॅमेरे लावले, समोर तिळाच्या तेलाचे दिवे ठेवले, वासावर व्हिका आले. एकूण ९५ फोटो, त्यात वेगवेगळे चार उंदीर. हे फोटो ज्या पेपरात छापले त्यात हे पण लिहिलंय की झायराच्या या जंगलात वृक्षतोडीला मंजुरी मिळालेली आहे, ती तोड झाली तर ही जात संपेल, आणि गावाचा या तोडीला विरोध आहे.