तोच बर्फ, तीच सोजू: होंग सांग-सूचे दोन चित्रपट वेगळे कसे ओळखायचे

दक्षिण कोरियाचा दिग्दर्शक होंग सांग-सू याचा एखादा चित्रपट अधूनमधून पाहिला तर गोंधळ होत नाही. महोत्सवातल्या सिंहावलोकनात तीन दिवसांत पाच पाहिले की हमखास होतो. गोष्ट साधारण तीच असते: एक दिग्दर्शक परगावी येतो, थंडीत भटकतो, सोजू ही कोरियन दारू पितो, एका बाईवर भाळतो, नको ते बोलतो आणि निघून जातो. बाहेर आल्यावर 'तो बर्फ पडतो तो कुठल्यात?' असं लोक एकमेकांना विचारू लागतात. त्यातही सगळ्यात जास्त गल्लत होते ती 'द डे ही अराइव्ह्ज' (२०११) आणि 'राइट नाउ, राँग देन' (२०१५) यांच्यात.

खूण म्हणून सांगायचं तर पहिला कृष्णधवल, ७९ मिनिटांचा, सोलच्या बुकचोन भागातल्या गल्ल्यांमध्ये घडणारा. दुसरा रंगीत, दोन तासांचा, सुवोन शहरातला. त्याला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवाचा गोल्डन लेपर्ड हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण एवढ्यावर भागत नाही. दोन्हींत प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, आणि खरा फरक आहे तो हे प्रसंग कसे परततात यात.

'द डे ही अराइव्ह्ज'मधला सोंगजुन चार चित्रपट करून थांबलेला, आता सोलबाहेर शिकवणारा. मित्राला भेटायला तो राजधानीत येतो. मंडळी 'नॉव्हेल' नावाच्या बारमध्ये जातात. मालकीण जागेवर नसते, थोड्या वेळाने येते, सोंगजुन पियानो वाजवतो. मग मंडळी पुन्हा तिथेच जातात. मालकीण पुन्हा जागेवर नसते, आणि सोंगजुन हे असं सांगतो की जणू इथे पहिल्यांदाच पाऊल ठेवलंय. हा दुसरा दिवस, की तोच दिवस वेगळ्या तऱ्हेने? चित्रपट सांगत नाही. वर सोंगजुनची जुनी प्रेयसी आणि ही मालकीण या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. म्हणजे चेहरासुद्धा परत येतो, आणि सोंगजुन त्याच वाटेने त्याच चुकीकडे चालत राहतो. दिवस किती गेले ते कळत नाही, माणूस मात्र तसूभर हललेला नाही हे कळतं.

'राइट नाउ, राँग देन'मध्ये असं धुकं नाही. चित्रपट बरोबर मध्यावर थांबतो, नव्याने नामावली येते आणि तोच दिवस पहिल्यापासून सुरू होतो. पूर्वार्धाचं शीर्षक 'तेव्हा बरोबर, आता चूक', उत्तरार्धाचं 'आता बरोबर, तेव्हा चूक'. दिग्दर्शक हाम चुन-सू व्याख्यानासाठी एक दिवस आधी पोचलाय. जुन्या राजवाड्यात त्याला चित्रकार ही-जंग भेटते. पूर्वार्धात तिचं चित्र पाहून तो तोंडभरून स्तुती करतो. संध्याकाळी तिच्या मैत्रिणींकडे उघड होतं की ही वाक्यं त्याने स्वतःच्या चित्रपटांबद्दल मुलाखतींत आधीच वापरलीत, शिवाय गृहस्थ विवाहित आहेत. ही-जंगचा चेहरा पडतो. उत्तरार्धात तो चित्राबद्दल स्पष्ट बोलतो, ती दुखावते, चिडते. पण सुशी आणि सोजूच्या टेबलावर लग्न झाल्याचं तो रडत रडत आपणहून सांगतो. पुढे दारूच्या नशेत मैत्रिणींसमोर कपडे उतरवण्यापर्यंत त्याची मजल जाते. तरीही दुसरा निरोप पहिल्यापेक्षा किती ऊबदार आहे! दोन्ही वेळा कॅमेरा जवळजवळ तिथेच, किंचित सरकलेला. या किंचितमध्ये मला होंगची सगळी कला दिसते. ख्यालात मुखडा परत आला की 'हे तर झालं' असं कुणी म्हणत नाही, या वेळी समेवर कसा आला ते ऐकतो. इथेही तसंच पाहावं लागतं.

होंग हे साधतो ते त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे. त्या दिवसाचे संवाद तो त्याच सकाळी लिहितो, लांबलचक अखंड शॉट घेतो, मध्येच साधासा झूम करतो. पटकथा आधीपासून दगडात कोरलेली नसल्यामुळे 'हे असंही झालं असतं' ही शक्यता त्याच्या प्रत्येक दृश्यात जिवंत असते.

म्हणूनच हे दोन्ही पाठोपाठ पाहावेत. न्यूयॉर्कच्या फिल्म ॲट लिंकन सेंटरने २०२२ मध्ये होंगचं सिंहावलोकन भरवलं तेही दोन-दोन चित्रपटांच्या जोड्या लावून, आणि मला ती रचना फार योग्य वाटते. एकट्याने पाहिलेला 'द डे ही अराइव्ह्ज' नुसता उदास वाटू शकतो. सुवोनचा दुसरा दिवस डोळ्यांपुढे असेल तर सोंगजुनच्या हातून काय निसटतंय ते दिसायला लागतं.

शेवटही शेजारी ठेवून पाहा. सुवोनमध्ये ही-जंग एकटीच चुन-सूचा चित्रपट पाहते आणि पडत्या बर्फात थिएटरबाहेर पडते. बुकचोनमध्ये रस्त्यात भेटलेली एक बाई सोंगजुनला भिंतीला टेकून उभं करते, त्याचे फोटो काढते. तो उभा राहतो, आणि कुठे बघावं हे त्याला कळत नाही.