ताप गेला, रिपोर्ट नॉर्मल, मग उभं राहिलं की धडधड का?

डेंगी किंवा कोविड बरा होऊन महिने उलटतात, पण यंत्रमागापाशी अर्धा तास उभं राहिलं की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ईसीजी मात्र स्वच्छ. कारण साधं आहे: ईसीजी आडवं झोपवून काढतात, आणि हा बिघाड (डॉक्टर याला ‘पॉट्स’ म्हणतात, म्हणजे उभं राहिल्यावर ठोके फार वाढणं) उभं राहिल्यावरच दिसतो.

रक्तवाहिनीच्या आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलवर धाग्यांचे फासे असतात ना, तसाच या अस्तरावर साखरेच्या साखळ्यांचा मऊ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. डेंगीच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन तो झिजवतं आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. कोविडमध्ये अस्तरालाच सूज येते. हेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल करतं; त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. ते दुखावलं की वाहिनी सैल-घट्ट होण्याचा ताळमेळ बिघडू शकतो; शिवाय वाहिन्या आवळणाऱ्या नसांचं काम बिघडलं, की उभं राहताच पाय-पोटाकडे उतरणारं अर्धा लिटरभर रक्त वर यायला अडतं. हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. सोलापूरच्या चाळीसपार उन्हात त्वचेच्या वाहिन्या आणखी रुंदावतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्रास वाढतो.

घरी तपासता येतं. सकाळी चहाआधी १० मिनिटं आडवं पडा, नाडी आणि बीपी लिहून ठेवा. मग टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे ठेवून पाठ टेकवून उभं राहा आणि १० मिनिटं दर मिनिटाला नोंद करा. पाय हलवू नका, बोलू नका. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं आणि आकडा फसवा येतो. शेजारी कुणीतरी हवंच, गरगरलं तर लगेच बसा. बीपी फारसं न पडता ठोके ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले (१२ ते १९ वयात ४०), तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या, हिमोग्लोबिन कमी किंवा थायरॉइड जास्त असेल तरीही ठोके वाढतात.

अंथरुणातून उठण्याआधी दोन ग्लास पाणी पिणं बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. मीठ वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच. बीपी, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर ते अंगाशी येईल. ‘तालीम केली की ताकद येईल’ हा सल्ला इथे घातक ठरू शकतो: श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी गळून जाणाऱ्यांनी थकवा येण्याआधीच थांबावं आणि व्यायाम बसून किंवा झोपूनच सुरू करावा. एकाच पायाला सूज, छातीत दुखणं किंवा अचानक धाप असेल, तर ही चाचणी करत बसू नका, १०८ ला फोन करा.